माधव्य त्या दिवशी कुठे होता?

शाकुंतलाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. दुष्यंत शिकारीला जातो, कण्वाच्या आश्रमात शकुंतला भेटते, गांधर्व विवाह होतो, राजा अंगठी देऊन परत जातो. मग दुर्वास, मग शाप, मग मासा. शाळेत ही गोष्ट ऐकताना आपण शापाला निमूटपणे मान डोलावतो. पण टेस्टिंगमध्ये थोडे दिवस काढलेल्या माणसाला (मी काढलेत, विचारू नका) एक शंका यायलाच हवी. शाप लागला दुष्यंताला. बाकीच्यांच्या मेमरीचं काय?

कारण ही भानगड माहीत असलेला दुष्यंताच्या बाजूचा निदान एक माणूस नाटकात आहे. त्याचं नाव माधव्य. राजाचा मित्र, म्हणजेच नाटकातला विदूषक. दुसऱ्या अंकाची सुरुवातच त्याच्या कुरकुरीने होते. राजाच्या शिकारीच्या नादापायी उन्हातान्हात वणवण, पानं कुजून कडू झालेलं पाणी, अवेळी खाणं, पहाटे पहाटे पारध्यांच्या आरड्याओरड्याने झोपेचं खोबरं. त्यात राजाला शकुंतला दिसली, म्हणजे आता घरी जायची आशाच सोडा. मग राजा येतो आणि मन मोकळं करतो. ती कशी दिसते, तिने कसं वळून पाहिलं, पायात दर्भ रुतल्याचं निमित्त करून ती कशी थांबली, सगळं या माधव्याला सांगतो.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर राजाच्या प्रेमाचा एक बॅकअप माधव्याच्या डोक्यात आहे. मूळ डिस्क दुर्वासांनी उडवली तरी बॅकअप शाबूत.

आता कालिदास काय करतो बघा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी राजधानीतून निरोप येतो की राजमातेच्या व्रतासाठी मुलाने हजर राहावं. तिकडे ऋषी म्हणतात, राक्षस त्रास देतायत, थांबा. राजा माधव्याला आपल्या जागी मुलगा म्हणून आईकडे पाठवून देतो. आणि निघताना त्याच्या मनात येतं की हा बडबड्या, अंतःपुरात जाऊन राण्यांपुढे सगळं ओकेल. म्हणून त्याला सांगतो की अरे, ते शकुंतलेचं मी थट्टेत बोललो, खरं मानू नकोस. बॅकअप करप्ट!

एवढ्यावर कालिदासाचं समाधान होत नाही. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात यायच्या थोडं आधी आतून हंसपदिका नावाच्या राणीचं गाणं ऐकू येतं. राजाने आपल्याला विसरून दुसरीला जवळ केलं असा त्यात टोमणा. राजा माधव्याला म्हणतो, जा, तिची समजूत काढ. माधव्य म्हणतो, तिच्या दासी माझी शेंडी धरतील, मग माझी सुटका नाही. पण जातो. आणि तो गेल्यावर शकुंतला येते.

दुर्वासांच्या शापाचे शब्द तंतोतंत घेतले तर आठवण करून दिली तरी राजाला आठवणार नव्हतं, हे खरं. पण भर दरबारात एक साक्षीदार उभा राहून म्हणाला असता की 'महाराज, हिच्याबद्दल तुम्हीच मला तासभर सांगत होतात', तर शकुंतलेला खोटारडी ठरवणं इतकं सोपं गेलं नसतं. म्हणून तो साक्षीदार तिथे असून चालणार नव्हतं. सहाव्या अंकात अंगठी मिळाल्यावर राजा रडतो आणि माधव्याला विचारतो, तू तरी का नाही बोललास? माधव्य सांगतो ते थोडक्यात असं: मी विसरलो नव्हतो, पण शेवटी तूच थट्टा म्हणालास आणि माझ्यासारख्या मातीच्या डोक्याच्या माणसाने ते खरं धरलं.

महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत शाप नाही, अंगठी नाही आणि माधव्यही नाही. तिथला राजा सरळ नाकारतो. शाप आणि अंगठी कालिदासाने घातली यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण विदूषक घातल्यामुळे जे नवीन काम अंगावर पडलं, म्हणजे मोक्याच्या क्षणी त्याला बाहेर काढण्याचं, ते त्याने किती निगुतीने केलंय! बरं, विदूषक एवढा अडचणीचा होता तर त्याला घेतलाच कशाला?

तर मंडळी, नमनाला घडाभर तेल झालं. विषय हा आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात विदूषकाचं चक्क स्पेसिफिकेशन दिलंय. बुटका, दात पुढे आलेले, कुबडा, टक्कल, पिंगट डोळे, चेहरा वेडावाकडा. हातात वाकडी काठी. जातीने ब्राह्मण, पण बोलायचं प्राकृत. प्रत्यक्ष नाटकांतून आणखी भर पडते: खादाड (त्यातही मोदकांवर जीव), भित्रा, आळशी, आणि राजाला 'अरे मित्रा' म्हणणारा. भासाचा वसंतक, कालिदासाचे माधव्य, माणवक आणि गौतम, शूद्रकाचा मैत्रेय, हर्षाचा पुन्हा वसंतकच. शेकडो वर्षं हा माणूस थोड्याफार फरकाने तोच आहे. त्यामुळे आपण म्हणतो की साचेबद्ध पात्र, टाइप, लेखकांचा आळस. मला मात्र हे स्पेसिफिकेशन एखाद्या नोकरीच्या जाहिरातीसारखं दिसतं. प्रत्येक अट कशासाठी आहे ते बघा.

रंगभूमीवर नायकाच्या मनातलं बाहेर कसं काढायचं, ही जुनी अडचण. कादंबरीकार सरळ लिहून टाकतो. नाटकात बोलायला माणूस लागतो. आता प्रेमात पडलेला राजा बोलणार कुणाशी? सेवक घाबरतात. प्रधानाशी बोललं तर त्याचं राजकारण होतं. राणीशी तर शक्यच नाही, तिच्यापासूनच लपवायचंय. मग एक मित्र हवा. तो अंतःपुरात ये-जा करू शकला पाहिजे आणि राजाला चार शब्द सुनावले तरी त्याला शिक्षा होता कामा नये, म्हणून ब्राह्मण. प्रेमात वाटेकरी व्हायचा नाही, म्हणून कुरूप. त्याला स्वतःची महत्त्वाकांक्षा नको, म्हणून मोदक. आणि राजा संस्कृत श्लोकात विरह गाऊ लागला की कुणीतरी जमिनीवरच्या भाषेत म्हणायला हवं, 'ते ठीक आहे, पण जेवायचं काय?' म्हणून प्राकृत.

भासाच्या स्वप्नवासवदत्तात याचा एक झकास नमुना आहे. राजा उदयनाला वाटतं की आपली राणी वासवदत्ता जळून मेली. त्याचं पद्मावतीशी दुसरं लग्न झालंय. वसंतक आधी अजीर्णाच्या तक्रारी सांगतो आणि मग बागेत बसल्या बसल्या विचारतो, खरं सांग, तुला जास्त आवडती कोण, तेव्हाची वासवदत्ता की आताची पद्मावती? हा प्रश्न त्या राजवाड्यात दुसरा कोण विचारू शकला असता? राजा टाळाटाळ करतो, वसंतक हट्टच धरतो. आणि वेलींच्या आड दोघी उभ्या, पद्मावती आणि वेष बदलून राहिलेली वासवदत्ता. उत्तर दोघींच्या कानावर जातं. सगळ्या नाटकाचा जीव त्या एका चोंबड्या प्रश्नात आहे.

रशियात व्लादिमीर प्रॉप नावाच्या अभ्यासकाने 1928 साली परीकथांवर एक पुस्तक लिहिलं. अफानास्येवच्या संग्रहातल्या शंभर परीकथा घेऊन त्याने त्यांचे भाग सुटे केले. त्याला दिसलं की पात्रं बदलतात, पण पात्रं करतात त्या गोष्टी बदलत नाहीत. एका कथेत गरुड उचलून नेतो, दुसऱ्या कथेत जादूचा घोडा, पण काम तेच. अशी एकतीस कामं आणि ती वाटून घेणाऱ्या सात भूमिका त्याने काढून दाखवल्या. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकलेल्या कुणालाही हे वाचून गंमत वाटेल, कारण प्रॉपने पात्रांचा इंटरफेस लिहून ठेवलाय, क्लास कुठलाही असो. विदूषकाकडे असं बघितलं की दात पुढे असणं ही बारीकसारीक बाब ठरते. मुख्य गोष्ट एक जागा आहे: मोठ्या माणसाच्या इतकं जवळ असणं की त्याला लोकांच्या भाषेत उलट प्रश्न विचारता येईल.

आणि जागा रिकामी ठेवली तर काय होतं, तेही संस्कृत नाटकातच दिसतं.

भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. का, यावर पंडितांचे तर्क आहेत: त्याचा स्वभावच गंभीर होता, त्याला हास्य जमत नव्हतं वगैरे. पण उत्तररामचरिताचा पहिला अंक नीट वाचा. वडीलधारी मंडळी, म्हणजे वसिष्ठ, अरुंधती, राजमाता, सगळे ऋष्यशृंगाच्या यज्ञाला गेलेत. राम, सीता आणि लक्ष्मण चित्रं बघतात, सीता दमून रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपते. तेवढ्यात दुर्मुख नावाचा हेर येतो आणि लोक सीतेबद्दल काय बोलतात ते सांगतो. बस. दुर्मुख निरोप आणणारा, त्याने बोलून उपयोग नाही. राम एकटाच रडतो, एकटाच निर्णय घेतो, आणि सीतेला वनात सोडायची आज्ञा त्याच दुर्मुखाबरोबर लक्ष्मणाला धाडतो.

त्या खोलीत जर कुणी टकल्या, मोदकखाऊ मित्र बसलेला असता! तो म्हणाला असता, 'मित्रा, परीट काय म्हणतो ते ऐकून कुणी बायको टाकतं का? आधी जेव, मग बोलू.' नाटक तिथेच संपलं असतं. भवभूतीला ते माहीत होतं असं मला वाटतं. त्याने वडीलधारे बाहेर पाठवले तसा विदूषकही नेमलाच नाही. कालिदासाने माधव्याला दोनदा दाराबाहेर काढला, भवभूतीने पोस्टच रद्द केली. पुढे तिसऱ्या अंकात रामाचं दुःख बाहेर काढायला त्याला वासंती आणावी लागते. ती वनदेवता रामाला जाब विचारते, तोंडावर बोलते. काम तेच, माणूस वेगळा.

(मृच्छकटिकाबद्दल लिहायला लागलो तर हा लेख पुढच्या वीकेंडला संपेल. एवढंच सांगतो की चारुदत्ताचा मैत्रेय हा सगळ्या विदूषकांत मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचा मित्र राजा नसून कंगाल झालेला व्यापारी आहे. तिथे मोदक मिळायची शक्यता शून्य, तरी हा टिकून आहे. आणि त्याच बिचाऱ्याच्या काखेतून ऐन न्यायालयात वसंतसेनेचे दागिने खाली पडतात आणि चारुदत्ताच्या गळ्याशी फास येतो.)

संस्कृत नाटक इतरत्र पोथीत गेलं, पण केरळात कूडियाट्टम म्हणून ते रंगमंचावर टिकलं. 2001 मध्ये युनेस्कोने त्याचा गौरव केला. तिथे नायक संस्कृतात बोलतो आणि विदूषक सरळ मलयाळममध्ये. नायकाच्या श्लोकाचा अर्थ तो सांगतो, वर त्याच चालीवर एक विडंबन श्लोकही म्हणतो, भाजीभाकरीचा. ही गोष्ट इतकी वाढली की मूळ नाटक बाजूला ठेवून चाक्यार रात्रीमागून रात्री एकटाच बोलतो. समोर बसलेल्या कुणाचीही तो टर उडवू शकतो आणि ऐकणाऱ्याने उठून उत्तर द्यायचं नाही, असा संकेत. दंतकथा अशी की अठराव्या शतकात कुंचन नंबियार नावाचा वादक मिळावू वाजवता वाजवता पेंगला, चाक्यारने त्याला भर सभेत सोलून काढला, आणि त्या रागात नंबियारने तुळ्ळल हा नवा नृत्यप्रकारच काढला.

आता आपल्याकडे येऊ. 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं, ही मराठी रंगभूमीची सुरुवात मानतात. आदल्या वर्षी कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती आणि तसं काही मराठीत करा, असं चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना सांगितलं. त्या नाटकांची सुरुवात ठरलेली: सूत्रधार, मग विदूषक आणि दोघांची हुज्जत, मग गणपती, मग मोरावरची सरस्वती. पदं लिहिलेली असत आणि ती सूत्रधार गाई, पण गद्य बोलणं नटांनी आपल्या मनाने करायचं. त्यामुळे विदूषकाला खुलं रान.

पण तोपर्यंत तमाशात सोंगाड्या होताच. सोंगाड्या हा संस्कृत विदूषकाचा वंशज, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मला ही वंशावळ पटत नाही. ढोलकी, हलगी, तुणतुण्याच्या या खेळाला शाकुंतलाची पोथी वाचायची गरज नव्हती. जागा रिकामी असली की माणूस मिळतोच. तमाशातला क्रम बघा: गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. गवळणीत कृष्ण आहे, म्हणजे देव. त्याच्याशी बरोबरीने बोलणार कोण? म्हणून पेंद्या. लंगडा, बोबडा, खादाड. तिकडे गवळणींच्या बाजूने बाप्याने केलेली मावशी, जी कृष्णाला दरडावते. वगात राजा आला की सोंगाडी हवालदार होतो नाहीतर शिपाई. म्हणजे नाट्यशास्त्रातली जाहिरात न वाचताच उमेदवार मुलाखतीला हजर.

एक फरक मात्र मोठा आहे. संस्कृत विदूषक ब्राह्मण होता, त्याला जातीचं संरक्षण होतं. तमाशाचे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी या समाजांतले. ज्या पाटलाच्या गावात खेळ आहे, त्याच्यावर बोलायचं तर डोक्यावर कसलंच छत्र नाही. विनोदाचं छत्र तेवढं. हसला तर वाचलो. म्हणूनच ही जागा कुणी वापरायची यावर पुढे बरंच काही घडलं. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा सांगाडा तसाच ठेवला, आणि सोंगाड्याचे उलटसुलट प्रश्न भटशाहीवर आणि सावकारीवर वळवले. आंबेडकरी जलशांनी तेच हत्यार आपल्या लढ्यासाठी घेतलं. अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाचं लोकनाट्य केलं, गणात देवाऐवजी मातृभूमीला नमन आणलं. प्रश्न विचारणारा गमत्या मात्र कुणीही काढला नाही.

शहरी नाटकाने त्याला काढलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील संहितेवरून करायची 'बुकिश' नाटकं आली आणि आपल्या मनाने बोलणाऱ्या नटाची पंचाईत झाली. विदूषक म्हणून आता कुणी येईना, विनोदी पात्र म्हणून येऊ लागला. त्यातलं सगळ्यात भयंकर पात्र म्हणजे गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधला (1919) तळीराम. हा तळीराम मी विदूषकांच्या यादीत घालतो आणि यावर भांडायला तयार आहे. नायकाच्या सतत जवळ, हजरजबाबी, प्रेक्षक त्याच्या प्रत्येक वाक्याला हसतात. खादाडपणाच्या जागी दारू. सुधाकराची सनद जाते, अपमानाने तो पेटलेला असतो, आणि अशा वेळी मित्राने जे करायचं ते तळीराम करतो: जवळ बसतो आणि दुःख हलकं करायचा उपाय सांगतो. फक्त उपाय म्हणून पेला पुढे करतो. विदूषकाची जागा इतकी जवळची असते की तिथे बसलेला माणूस घर बुडवू शकतो, हे गडकऱ्यांना दिसलं. आपण अजूनही तळीरामाला टाळ्या देतो, त्यातच त्यांचा डाव यशस्वी झालाय.

दरम्यान तमाशावर सरकारची नजर गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली तरी लेखी संहिता आधी दाखवून मंजूर करून घ्यायची अट मागे लागलीच. सोंगाड्यासाठी याच्याइतकी विनोदी अट दुसरी नसेल. जो माणूस समोर फौजदार बसलाय की सावकार, हे बघून वाक्य ठरवतो, त्याने ते महिनाभर आधी टाइप करून द्यायचं!

वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये (1965) ही अट कशी गुंडाळली गेली ते मराठी माणसाला सांगायला नको. गोष्ट म्हटली तर एवढीशी. कोतवालाची जागा रिकामी होते, प्रधानाला तिथे आपला माणूस चिकटवायचा असतो, जागा मिळते हवालदाराला, मग मैनावतीकरवी त्याला राजाचा छपरी पलंग चोरायला लावायचा डाव. दादा कोंडके त्यात हवालदार. त्या सांगाड्यात ते रोजच्या बातम्या घालत. प्रयोग हजारावर गेले, आणि एक प्रयोग दुसऱ्यासारखा नसे. मंजूर संहितेत गोष्ट होती. लोक बघायला येत ते संहितेबाहेरचं. मग 1971 मध्ये 'सोंगाड्या' चित्रपट आला आणि एक विचित्र गोष्ट घडली. अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी, भाबडा चेहरा, म्हणजे शेकडो वर्षं नायकाच्या शेजारी उभा राहिलेला माणूसच नायक झाला. त्यामुळे पडद्यावर आता राजाच उरला नाही. दादांच्या पुढच्या चित्रपटांत हजरजबाबीपणा भरपूर, पण तो कुणाला सुनावायचा हे हळूहळू धूसर होत गेलं आणि द्व्यर्थाने ती जागा भरली. हे माझं मत. दादांचे भक्त माझ्याशी बोलणं टाकतील.

हिंदी सिनेमात ही पोस्ट बराच काळ सांभाळली ती जॉनी वॉकरने. मूळ नाव बद्रुद्दीन काझी, मुंबईत बेस्टच्या बसचा कंडक्टर, बसमध्ये प्रवाशांना हसवणारा. बलराज साहनींच्या नजरेत भरला आणि गुरुदत्तच्या 'बाझी'त (1951) आला. 'प्यासा'त (1957) तो अब्दुल सत्तार, तेलमालीशवाला. कवी विजय मेला असं जगाला वाटतं, त्याच्या कविता खपू लागतात, आणि जिवंत विजय वेड्यांच्या इस्पितळात सापडतो. प्रकाशक ओळख देत नाही. मित्र म्हणवणारा ओळख देत नाही. पैशासाठी सख्खे भाऊही म्हणतात, हा तो नव्हे. शाकुंतलाचा पाचवा अंकच, फक्त इथे शाप नाही, हिशेब आहे. आणि इथे माधव्य बाहेर पाठवलेला नाही. विजयला ओळखतो आणि तिथून बाहेर पडायला मदत करतो तो हाच मालीशवाला.

त्यानंतर वीस वर्षांत हिंदी नायकाने सगळी खाती स्वतःकडे घेतली. मारामारी, नाच, प्रेम, विनोद, सगळं एकच माणूस करू लागला आणि विनोदी मित्राचं काम कमी कमी होत गेलं. 'अमर अकबर अँथनी'मध्ये (1977) अमिताभ बच्चनचा अँथनी मार खाऊन, दारू पिऊन घरी येतो. बोलायला कुणी नाही. तो आरशासमोर उभा राहतो, आरशातल्या माणसाला दारूवरून झापतो, त्याच्या जखमेला औषध लावतो, वर चिकटपट्टी लावतो. सगळं काचेवर. विनोद अफलातून आहे, मी तो प्रसंग किमान पंधरा वेळा पाहिला असेन. माधव्य किंवा सत्तार तिथे असता तर निदान पट्टी अँथनीच्या कपाळावर लागली असती.